चेटकिणीची हनुवटी

संयोगितानं ब्लेडच्या टोकानं चेटकिणीची हनुवटी खरवडली. कागदाचा पापुद्रा निघाला, पण तीन हिरवे ठिपके काही जाईनात. बाहेर, विश्रामबागेतल्या तिच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, हनुवटीवर तसेच तीन ठिपके गोंदलेल्या तिच्या सासूबाई, बनुबाई, लसूण सोलत बसल्या होत्या.

चित्र मुलांच्या परीकथांच्या पुस्तकासाठी होतं. रानात वाट चुकलेले बहीणभाऊ, गोडाधोडाचं घर आणि दारात चेटकीण. ऊसवाल्यांची सून म्हणून तिनं भिंती गुळाच्या ढेपांच्या केल्या होत्या. ठिपके मात्र ठरवून काढले नव्हते. लग्नापासून ज्या चेहऱ्याला ती भीत आली, तो कुंचल्यातून आपसूक उतरला होता.

बनुबाई तिच्यावर कधी ओरडल्या नव्हत्या. पण ती नवी नवरी असताना गावी गोंदणारीण आली, तेव्हा त्यांनी त्या बाईला दारातूनच परत पाठवलं होतं. "आमच्या सुनेला न्हाई गोंदायचं." त्या घरच्या प्रत्येक सुनेच्या हनुवटीवर ती खूण असायची. आपल्याला या घरात धरलेलंच नाही, हे संयोगितानं मनाशी पक्कं केलं होतं. आता हे चित्र दिसलं, तर त्या पिशवी उचलून गावी जातील आणि पुन्हा या घराची पायरी चढणार नाहीत.

"काय खरवडतीस गं एवढं?" बनुबाई दारात उभ्या होत्या.

"काही नाही, आत्याबाई. रंग ओला आहे, नंतर बघा." चोराच्या मनात चांदणं, तिनं चित्रावर हात आडवा धरला.

बनुबाईंनी तो हलकेच बाजूला केला.

बनुबाई बघत राहिल्या. मग त्यांनी डोक्यावरून घसरलेला पदर घाईघाईनं कपाळापर्यंत ओढला. हातातला लसूण खाली पडला.

"ही तुला कुठं दिसली?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"कोण?"

"माझी सासू. तू यायच्या लय आधीच गेली ती. मला गोंदताना मी मान हलवली, तर हिनं तापलेली फुंकणी..." त्या थांबल्या. "तवाच ठरीवलं. माझ्या सुनंच्या अंगाला सुई लागू द्यायची न्हाई."

संयोगितानं ब्लेड खाली ठेवलं.

"पुसू का हिला?" तिनं विचारलं.

"नगं. हाय तशी हाय." बनुबाईंनी लांबूनच गुळाच्या भिंतीकडे बोट केलं. "हितं मागं एक दार काढ तेवढं. पोरांस्नी पळाया."

पदर मात्र त्यांनी अजून मागं सारला नव्हता.