रंगवाल्या मावशींच्या डोक्यावरचा पुठ्ठा

मी पुठ्ठा बोलतोय. हो, पुठ्ठाच. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल.

छताला बसवायचे चौकोनी पॅनेल दिवे ज्या खोक्यातून आले, त्या खोक्याची मी एक बाजू. माझ्या अंगावर ठळक छापलंय, ‘डोळ्यांना सुखद’. हे छापताना मला कोणी विचारलं नव्हतं. सगळा प्रवास मी त्या दिव्यांना चिकटून केलाय. एकालाही डोळ्यांशी देणंघेणं नव्हतं.

दिवे आले ते कवळ्यांच्या कारखान्यात. एक लांबट खोली. एका टोकाला साच्यांत प्लास्टर ओतणारा प्लास्टरवाला, मध्ये कवळीच्या तारा वाकवणारा तारवाला आणि खिडकीशी रंगवाल्या मावशी. माणसाच्या उरलेल्या खऱ्या दातांना जुळतील असे खोटे दात रंगवायचे, हे मावशींचं काम. सोपं वाटतं? पांढऱ्याला किती भाऊबंद असतात ते मावशींना विचारा. चहा पिणाऱ्याचा पांढरा वेगळा, सिगारेट सोडलेल्याचा वेगळा आणि ‘सोडली’ असं बायकोला सांगितलेल्याचा तर अगदीच वेगळा.

मालकांना झगमगाटाची भारी हौस. दिवे लागले तसे ते खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “बघा! कारखाना कसा विमानतळासारखा दिसतोय!”

“विमानतळावर दात कोण बसवतं?” मावशी पुटपुटल्या.

सगळे दिवे एकाच बटणावर, आणि ते बटण मालकांच्या केबिनमध्ये. एक पॅनेल नेमकं मावशींच्या डोक्यावर आलं. त्या पांढऱ्याफटक लोंढ्यापुढे खिडकीच्या उजेडाचं काही चालेना. टेबलावर चपखल जुळलेला दात उन्हात गेला की निळसर दिसायचा. बघता बघता तीन कवळ्या परत आल्या.

“मावशी,” मालकांनी सगळ्यांसमोर सुनावलं, “चौथी परत आली की रंगाचं टेबल सोडायचं. प्लास्टर कालवायला बसायचं.”

उभी हयात रंगात घालवलेल्या बाईला हे ऐकवलं. त्याच दुपारी मावशींनी मला भंगाराच्या ढिगातून ओढलं आणि त्या खुर्चीवर चढल्या.

“अहो मावशी, पडाल!” तारवाला कवळीची तार पुढे करत ओरडला.

“पडले तर दात इथेच मिळतील की.”

पॅनेलच्या वीतभर खाली मी आडवा टांगला गेलो. खाली पाहिलं, तर मावशी खिडकीच्या उजेडात एक दात धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरत होत्या. त्यानंतर एकही कवळी परत आली नाही. मालकांना मी सलायचो. “एवढं देखणं छत आणि त्याला हे ठिगळ!” असं येता-जाता म्हणायचे. पण काम बिनतक्रार चाललं होतं, म्हणून गिळून गप्प बसायचे.

मग आल्या संशोधक मॅडम. इमारतीतला प्रकाश माणसांना किती मानवतो, हा त्यांचा विषय. विषयाशी माझं भांडण नाही. मालकांना मात्र त्याच्याशी काडीचंही कर्तव्य नव्हतं. अभ्यासात इमारत पास झाली की दाराशी लावायला एक चकचकीत पाटी मिळणार होती, त्यांचा जीव तिच्यात अडकला होता.

मॅडम उजेड मोजायचं यंत्र घेऊन फिरल्या आणि माझ्याखाली थबकल्या. “हे काय?”

“कचरा,” मालक म्हणाले आणि त्यांनी मला उतरवलं.

मावशी उठल्या. “मॅडम, मला पुठ्ठ्यासकट विचारा हो. तो आहे म्हणून इथे बसवतंय.”

“ताई, आम्ही बसवलेल्या दिव्यांचा अभ्यास करतोय. पुठ्ठा त्यात येत नाही.”

येत नाही! बाईमाणूस या वयात खुर्चीवर चढतं, तारेने छताला पुठ्ठा बांधतं, आणि दिव्यांबद्दलचं तिचं मत म्हणे अजून कळायचंय!

मत घेतलं गेलं ते टॅबवर. त्यावर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत सात चेहरे. आपला चेहरा निवडून बोट ठेवायचं. मालक स्वतः चहाचा ट्रे घेऊन प्रत्येकाच्या पाठीशी उभे. “मोकळेपणाने सांगा हं! अगदी मोकळेपणाने!” प्लास्टरवाल्याने सातव्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. तारवाल्यानेही डोळे चोळत चोळत सातवाच दाबला. मावशींचं बोट दुसऱ्या चेहऱ्याशी घुटमळलं.

“मावशी, चष्मा आणलाय ना?” मालकांनी गोड आवाजात विचारलं.

बोट सातव्यावर गेलं.

माझी रवानगी दारामागे झाली. वर प्लास्टरची बादली. पाटी लागेपर्यंत मी छताला दिसता कामा नये, असा हुकूम सुटला.

नेमकं तेव्हाच मालकांच्या सासूबाईंच्या पुढच्या चार दातांचं काम आलं.

“साहेब, एवढं तरी पुठ्ठ्याखाली करू द्या,” मावशी म्हणाल्या. “तुमच्याच सासूबाई आहेत.”

“म्हणून तर नव्या दिव्यांत करा. त्यांना सगळं उत्तमातलं लागतं.”

मावशी दात घेऊन उन्हात निघाल्या, तर त्यांना दारातूनच परत फिरवलं. पाहणी चालू असताना कोणी जागा सोडायची नाही! मावशी बसल्या. त्यांनी चार दात रंगवले आणि डबी बंद करताना ती जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवली. ही परत आली, तर ती चौथी.

पाटीच्या दिवशी सासूबाई दातांच्या दवाखान्यातून नवे दात लावून थेट कारखान्यात आल्या. आतल्या दिव्यांत दात झकास दिसले. मालकांनी फोटोसाठी सगळ्यांना दाराबाहेर, उन्हात उभं केलं. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

“आजी, काही निळं खाल्लंय का?”

सासूबाईंनी पर्समधला आरसा काढला. “जावईबापू, हे चार दात माझे आहेत की तुमच्या बाथरूमच्या फरशीचे?”

मालकांचा चेहरा पडला. मग त्यांनी बोट रोखलं. “मावशी! ही चौथी! उद्यापासून प्लास्टर!”

मावशी ॲप्रनची गाठ सोडायला लागल्या, तर ती सुटेना.

“थांबा,” सासूबाई म्हणाल्या. “दात माझ्या तोंडात आहेत, निकालही मीच लावणार. तुम्ही बसता कुठे?”

त्या आत येऊन मावशींच्या खुर्चीत बसल्या, वर पाहिलं आणि गपकन डोळे मिटले. “अगं बाई! ही कामाची जागा की चोराच्या चौकशीची?”

“इथे रंग कळत नाही, आजी!” मावशी पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. “मी सांगत होते. माझा पुठ्ठा काढून घेतला.”

“मग आणा की तो!”

प्लास्टरवाल्याने बादली बाजूला केली, तारवाल्याने मला बांधलं. सासूबाईंनी खिडकीच्या उजेडात आरसा धरून ओठ मागे ओढले. “दिसले गं! चारही निळे!”

पाटीसाठी आलेल्या संशोधक मॅडम टॅब घेऊन पुढे आल्या. “आजी, तुमचं मत घेऊ? पुठ्ठ्याआधीचं आणि नंतरचं?”

मालक सवयीने सासूबाईंच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

“मागे काय उभे राहता, जावईबापू? बाहेर जा, पाटी पडतेय का बघा.”

मालक गेले. सासूबाईंनी आधी रडका चेहरा दाबला, पुरेसा लागला नसेल म्हणून आणखी एकदा दाबला. नंतरच्या मताला हसरा.

“पण बाकी सगळ्यांनी सातवाच दिला होता,” मॅडम गोंधळल्या.

“आता विचारा ना. जावईबापू बाहेर आहेत,” सासूबाई म्हणाल्या.

प्लास्टरवाल्याने दुसरा दिला, तारवाल्याने पहिला. मावशींनी बोट उचललं आणि मॅडमकडे पाहिलं. “पुठ्ठ्यासकट की पुठ्ठ्याशिवाय?”

“दोन्ही,” मॅडम म्हणाल्या.

सध्या मी वरच आहे. पाठीवर बादलीचा पांढरा गोल उमटलाय, एक कोपरा दुमडलाय. खाली रंगाच्या टेबलावर मावशी सासूबाईंचे नवे चार दात रंगवतायत. पाटी उतरवलीय, मोजणी पहिल्यापासून चालू आहे. मालक माझ्या जागी विकतची देखणी झडप आणणार म्हणे. आणू देत, मी जाईन भंगारात. माझं मागणं एवढंच आहे की ती बसवलीत की मावशींना खाली बसवून विचारा. त्या नको म्हणाल्या, तर काढून टाका. आणि विचारताना त्यांच्या पाठीमागे कोणी उभं राहू नका.