गैबीच्या लवणीचा कौल

हंबीरराव सरपंच भर दुपारी दर्ग्यात आला, तेव्हाच ख्वाजा मुजावरनं ओळखलं की हा काही पिराला भेटायला आलेला नाही. पिराला भेटायला येणारा पायताण काढून सरळ आत येतो. हंबीरराव उंबऱ्यावरच बसला, फेट्याच्या टोकानं मान पुसली आणि म्हणाला, "उद्या जुम्मेरात हाय. कौल लाव. समद्या गावाला सांगावा धाडलाय."

"कशाचा कौल?"

"येड पांघरून पेडगावला जाऊ नगंस, ख्वाजा. लवणीचा."

शिरोळच्या अंगाला कृष्णाकाठी वसलेल्या त्या गावात ही लवण म्हणजे नदीलगतची सखल जागा. उन्हाळ्यात नदी आटली तरी लवणीत घोटाभर पाणी आणि लव्हाळा राहायचा. उसाच्या गावाला अशी जमीन म्हणजे देवानं वाया घालवलेली जमीन. पण गावाचा दंडक जुना होता. पाडव्यापासून मृगापर्यंत गैबी पिराचा कौल घेतल्याशिवाय लवणीत खोरं, विळा की जनावर, काही घालायचं नाही. का, म्हणून विचारलं तर उत्तर एकच, "गैबी कोपतो." ख्वाजाला खरं कारण ठाऊक होतं. त्याच दिवसांत शेकाट्या तिथं अंडी घालायच्या. लांब तांबडे पाय, पांढरं अंग, काळे पंख. चिखलाच्या उंचवट्यावर चार काड्या मांडून बसणारा पक्षी. ख्वाजाच्या कुठल्याशा पणज्यानं त्यांच्यासाठी पिराला कोपायला लावलं होतं, इतकंच.

आता चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात नदीकाठी दगडी भिंत आणि घाट मंजूर झाला होता. भिंतीचा पाया लवणीच्या नदीकडच्या चिखलातूनच जाणार होता, म्हणजे आधी मुरूम टाकून तो चिखल भरायचा. ट्रॅक्टर आत घालून बघितला, तो पहिल्याच फेरीला रुतला आणि बैलांनी ओढून काढावा लागला. मग राहिली घमेली आणि गावच्या बाया. बाया म्हणाल्या, कौल घेतल्याबिगर आम्ही पाय घालत नाही. मुरमाचे ढीग आठ दिवस तसेच पडून होते.

"वीस दिवस थांब की," ख्वाजा म्हणाला. "अंडी फुटतील. पिल्लं फुटल्या फुटल्या पळत्यात, मग खुशाल भर."

"वीस दिसानं मृग किती राहतोय? पाया पाण्यात गेला तर भिंत पुढल्या साली. मधल्या पुरात कुणाचं लेकरू गेलं तर तुझ्या शेकाट्या आणून देणार हैत का?" हंबीरराव उठला. आवाज खाली आणून म्हणाला, "मला ठावं हाय कौल कुठनं येतोय. तुझा अंगठा म्या बघितलाय."

तो गेला आणि ख्वाजा तिथंच बसून राहिला.

कौल असा लागायचा: पिराच्या उशाच्या दगडावर कण्हेरीच्या दोन ओल्या पाकळ्या लावायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता पाकळी अंगठ्यानं दाबून बसवली तर चिकटून राहते आणि नुसती टेकवली तर पडते, हे कळायला पीर व्हायला लागत नाही. ख्वाजाच्या बापानं त्याला सांगितलं होतं, "पोरा, पिराला समदं कळतंय, पर त्येला अंगठा न्हाय. अंगठा आपला." बाप लबाड नव्हता. कुणाच्या लेकीला वाईट घरी द्यायची गोष्ट असली की डावी पाडायचा, एवढंच. ख्वाजानंही आयुष्यभर तेच केलं, आणि त्यासाठी एकदाही त्याची झोप मोडली नाही.

चूक झाली होती ती दहाव्या वर्षी. तेव्हा हंबीर नावाचा सवंगडी होता, चिंचेखाली दोघांनी एक पेरू वाटून खाल्ला होता आणि ख्वाजाला मोठेपणा मिरवायचा होता. त्यानं मित्राला पिराची पाकळी दोनदा उजवीकडं, दोनदा डावीकडं पाडून दाखवली. तीस वर्षं हंबीररावानं ते कुणाला सांगितलं नाही. माणूस तसा पोटात ठेवणारा. मागल्या पुरात ख्वाजाचं घर गळ्याएवढ्या पाण्यात गेलं, तेव्हा याच हंबीररावानं गुऱ्हाळाची काहील, रस कढवायची ती भली मोठी कढई, पाण्यात सोडली, वल्ह्याच्या जागी फळी घेतली, आणि ख्वाजाच्या बायकोला, बिबीजानला, आणि लेकीला, सलिमाला, त्या काहिलीत बसवून वर आणलं. सलिमा तेव्हा चार वर्षांची होती.

संध्याकाळी ख्वाजा लवणीवर गेला. शेकाट्या डोक्यावर ओरडत फिरल्या, मग ओळख पटल्यासारख्या खाली बसल्या. एकेचाळीस घरटी होती. बहुतेकांत चार-चार अंडी, मातीच्या रंगाची, वर काळे शिंतोडे. जवळ जाऊनही पटकन दिसायची नाहीत, मग घमेलं डोक्यावर घेतलेल्या बाईला कुठली दिसणार?

घरी बिबीजाननं भाकरी वाढता वाढता विषय काढला. "उजवी पाडा. त्या माणसानं आपली पोरगी पाण्यातनं काढलीय."

"आणि त्या पाखरांची पोरं?"

"मी पाखरांचं वाईट चिंतत न्हाय. पर भिंत झाली तर पुन्यांदा काहील नको, एवढं मला कळतंय."

तिचंही खोटं नव्हतं, आणि हेच ख्वाजाला छळत होतं. उजवी पाडावी तर अंडी मुरमाखाली. डावी पाडावी तर हंबीरराव चारचौघांत अंगठा उघडा करणार. मग पीर गेला, दंडक गेला, आणि लवण दुसऱ्याच दिवशी भरली जाणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. पाकळी दगडावर लावायच्या आधीच निकाल लागलेला होता आणि त्यात पिराचा हात कुठंच नव्हता.

जुम्मेरातीला, गुरुवारी, दर्ग्याचं अंगण भरलं. पुढं बाया, घमेली पालथी घालून त्यांवरच बसलेल्या. त्यांत सगळ्यांत पुढं बयाबाई, मुकादमीण म्हणा की गावची आत्ती म्हणा. हंबीरराव खांबाला टेकून उभा होता आणि ख्वाजाच्या हाताकडं बघत होता.

ख्वाजानं ऊद पेटवला. पाकळ्या पाण्यात बुडवल्या. उजवी हातात घेतली आणि दगडाजवळ नेली, पण ती दाबावी की टेकवावी ते त्याला ठरवेना. पाकळीचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, तरी तो तसाच उभा राहिला. मग त्यानं दोन्ही पाकळ्या खाली टाकल्या आणि वळला.

"कौल पिराचा न्हाय," तो म्हणाला. "कवाच नव्हता. दाबली की राहती, टेकवली की पडती. माझा बा तसंच करायचा, म्या बी तसंच करतो. आज पिराच्या नावानं बोलायचा न्हाय. लवणीत एकेचाळीस घरटी हैत. वीस दिस द्या. एवढंच मागणं हाय, आणि ते माझं हाय."

मग मागून कुणीतरी थुंकलं. एक म्हातारा उठून चालता झाला. हंबीररावाचा चेहरा पडला. ज्या काठीनं मारायचं ती काठी समोरच्यानंच मोडून टाकली होती.

बयाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "माझ्या कृष्णाताला ताप चढलाता. भगताकडं न्यायचा का मिरजेला दवाखान्यात, म्हणून तुझ्याकडं आलते. तवा मिरजेची पाकळी पडली, ती तूच पाडलीस?"

"व्हय आत्ती. म्याच."

"हं," बयाबाई म्हणाली. कृष्णात तिच्या मागंच उभा होता, मिसरूड फुटलेला. ती उठली, घमेलं काखेत मारलं आणि हंबीररावाला म्हणाली, "सरपंच, वीस दिसानं बोलवा. तवर मी न्हाय येत." तिच्या मागून बाकीच्या बाया उठल्या, काही खुशीनं, काही कुरकुरत.

हंबीरराव ख्वाजाजवळ आला. "वीस दिस," तो म्हणाला. "पर एकविसाव्याला पयलं घमेलं तू टाकायचं. समद्यांम्होरं शब्द दे."

ख्वाजानं शब्द दिला.

ते वीस दिवस त्यानं लवणीच्या बांधावर काढले. दर्ग्यात येणारं माणूस तुटलं. नारळ नाही, ऊद नाही, कुणाचं लग्न विचारायला नाही. पण पंधराव्या दिवशी अंडी फुटायला लागली आणि बोटाएवढ्या पायांची पिल्लं चिखलातून तुरुतुरु पळत पलीकडच्या लव्हाळ्यात शिरली. ख्वाजा एकटाच मोठ्यानं हसला. चाळीस घरटी रिकामी झाली.

एकेचाळिसावं झालं नाही. ती मादी उशिरा बसली होती, बहुधा पहिली अंडी कुत्र्यानं खाल्ली असावीत. विसाव्या संध्याकाळी ख्वाजानं बघितलं तर चारही अंडी थंडगार नव्हती, उबदार होती. तिला अजून दहा-अकरा दिवस हवे होते.

एकविसाव्या दिवशी सकाळी तो मुरमाचं घमेलं डोक्यावर घेऊन चिखलात उतरला. मागं तीस बाया रांगेनं उभ्या होत्या, वर बांधावर हंबीरराव. शेकाटी उडाली आणि त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. पूर्वीचे दिवस असते तर त्यानं डावी पाकळी पाडली असती आणि गाव गुमान परतलं असतं. आता गावाकडं पीर नव्हता, नुसता ख्वाजाचा शब्द होता, आणि तो शब्द वीस दिवसांचा होता. आज तो मोडला तर उद्या त्याचं कुणी ऐकलं नसतं, पाखरांसाठी नाही की माणसांसाठी नाही.

त्यानं घमेलं पायाच्या खुणेवर, त्या घरट्याच्या दोन हात अलीकडं, उपडं केलं.

बयाबाई मागून आली. कपाळावर हात धरून वर बघत म्हणाली, "ह्ये पाखरू का रं असं जीव तोडतंय? तिथं काय राहिलंय का?"

एक शब्द बोलला असता तर ती थांबली असती, हे त्याला ठाऊक होतं. बांधावर हंबीररावानंही मान पुढं काढली होती.

"काय न्हाय, आत्ती," ख्वाजा म्हणाला. "टाका."

आजवर तो जे काही खोटं बोलला ते पिराच्या नावावर खपलं होतं. हे पहिलं त्याच्या एकट्याच्या नावावर गेलं. तो रिकामं घमेलं घेऊन ढिगाकडं वळला, आणि दिवस मावळेपर्यंत ती शेकाटी ओरडत राहिली.