सात नंबरला धार

मी एक जुनी गोल्फची काठी आहे. नंबर सात, डोकं लोखंडाचं. मित्रांनो, आमच्या घरातली सगळी एकत्र होती त्या शेवटच्या साध्या दिवशी मी कळमनुरीच्या बाजारात लोहाराच्या भात्यापुढे पडले होते. आधी वखराची फास म्हणजे पातं, मग दोन विळे, मग मी. लोहारानं मला उलटसुलट करून पाहिलं.

"प्रेमदास, हिनं काय काढता? हळद?"

"चेंडू," मालक गंभीरपणे म्हणाले. "लेकीची हाय. झिजून पार बोथट झाली. बराबर धार लाव."

मला ओरडता आलं असतं तर सगळा बाजार गोळा केला असता. गोल्फच्या काठीला कुणी धार लावतं का? चेंडू कापायचा नसतो, उचलायचा असतो. माझ्या तोंडावरच्या बारीक खाचा झिजल्या होत्या, कड आधीच नको तेवढी पातळ होती. पण ऐकतो कोण.

मालकांनी हैदराबादच्या एका मैदानावर बारा वर्षं गवत कापलं. खेळणाऱ्यांचे हात त्यांनी पाहून पाहून पाठ केले, काठीला हात लावायची मात्र मुभा नव्हती. १९९३ साली ते तांड्यावर परत निघाले, तेव्हा एका म्हाताऱ्या साहेबांनी आम्हा पाच झिजलेल्या काठ्या त्यांना देऊन टाकल्या. आणि लोखंड झिजलं की लोहाराकडे न्यायचं, हे तर आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक.

तांड्यावर माझे काय हाल झाले ते सांगत बसत नाही. मुठीचं रबर गेलं तर सायकलची ट्यूब गुंडाळली. मालकीण रूपाबाईंनी शेळ्यांसाठी माझ्यानं बाभळीच्या शेंगा पाडल्या. पण रोज सकाळी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकडेच्या पडीक रानात मालक नऊ वर्षांच्या लेकीला, निताला उभी करत, तिची कोपरं धरून म्हणत, "डोकं वर न्हाई करायचं." तेवढा वेळ मी खरी गोल्फची काठी असे.

मालकांकडून शिकलेल्या त्याच हातांच्या जोरावर निता हैदराबादच्या कॉलेजात गेली. तिथल्या पोरी ट्यूबची मूठ बघून हसल्या. तेव्हा तिनं सांगून टाकलं, की वडील क्लबच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि पुढच्या सुट्टीत आम्हाला तांड्यावर परत आणून ठेवलं. फेब्रुवारीत कॉलेजच्या संघाची निवड होती. तिला हव्या होत्या रुंद तळाच्या, मागून पोकळ काठ्या. चेंडू थोडा चुकीच्या जागी लागला तरी त्या सांभाळून घेतात. नव्या कोऱ्या घेणं विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नव्हतं. वापरलेल्या मिळत होत्या, आम्हाला बदल्यात दिलं तर. म्हणून ती सुट्टीत आम्हाला न्यायला आली होती, आणि मालक मला बाजारातून चकचकीत करून घेऊन आले.

"बापू, हे काय केलं तुमी? ही फास हाय का? दुकानदार हिला बदल्यात घेणार होता."

"बदल्यात? काहून?"

तिनं समजावून सांगितलं. मालकांनी नीट ऐकलं.

"म्हणजे मारणाऱ्यानं चुकायचं आन् काठीनं निस्तरायचं."

"व्हय. समद्या पोरी तसल्याच वापरून राहिल्या."

"मंग तुह्या याडीला तसली कढई आण. भाजी करपली तरी गोड लागन."

"तुमच्या जिभेला भेटन का तसलं काही?" चुलीपासून निताची याडी, म्हणजे आई, रूपाबाई म्हणाल्या.

निता हसली नाही. "तुमाला त्यातलं न्हाई कळत, बापू. तुमी गवत कापत होता."

मालक म्हणाले, "व्हय. गवत बराबर कापत होतो." त्यांनी मला धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि तिच्या पोत्यात ठेवलं.

सकाळच्या गाडीनं ती गेली. नवव्या दिवशी मालक विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि छातीत कळ येऊन तिथंच बसले. ते उठले नाहीत. खबर मिळताच निता परतली आणि तेरावं होईपर्यंत तांड्यावर राहिली. कालव्याकडेच्या रानात रोज जायची आणि उभी राहून परत यायची.

मित्रांनो, तुम्हा माणसांचा मला खरंच वैताग येतो. वस्तू झिजली तर जाणत्याला विचारा, आपल्या मनानं भट्टीत घालू नका. आणि माणूस समोर बसलेलं असताना काय ते बोला. मागाहून बोलाल ते ऐकायला आम्हीच उरतो, आणि आमचा काय उपयोग?

फेब्रुवारीच्या आधी निता आम्हाला घेऊन हैदराबादेतल्या पुनमचंदच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेली. सोबत वसतिगृहातली शितल होती. पुनमचंदनं रुंद तळाचा संच काढून ठेवला, आमच्यातल्या चार तपासून घेतल्या आणि मला हातात धरून माझ्या कडेवर बोट फिरवलं.

"इसकू धार किसने लगाई? बाप घास काटता था क्या?"

शितल हसली. "अहो, हिचे वडील क्लबात ऑफिसर होते."

निताचे कान लाल झाले. तिनं मला त्याच्या हातून काढून घेतलं.

"न्हाई," ती म्हणाली. आवाज दुकानभर ऐकू गेला. "माझे बापू त्या मैदानावर गवत कापायचे. धार त्यांनीच लावून आणली, माझ्यासाठी. आणि मला खेळायला शिकवलं तेही त्यांनीच. दुसऱ्या कुणी नाही."