खोटी गर्दी

"पडली!" गर्दीवाला ओरडला. त्या ओरडण्यात आनंद जरा जास्तच ऐकू गेला, हे त्याचं त्यालाच जाणवलं.

समोरच्या टेबलावर त्याच्या मेव्हण्याचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. मॅनेजरबाई खुर्चीसकट वळल्या.

"काय पडली?"

"निकालाची साइट, मॅडम. उघडतच नाहीये. नुसतं पांढरं पान येतंय."

"इतक्या लवकर?"

"गर्दी सोसली नाही तिला. आता त्याला मी काय करणार?"

गर्दीवाला हे नाव त्याला ऑफिसनं दिलं होतं. नवी वेबसाइट लोकांसमोर जायच्या आधी तिच्यावर खोटी गर्दी सोडायची, हे त्याचं काम. हजारो माणसं एकदम येऊन थडकल्याचं सोंग कॉम्प्युटरकडून वठवून घ्यायचं आणि साइट कुठे मोडते ते बघायचं. साइट टिकली की बांधणाऱ्याची पाठ थोपटली जायची. मोडली की सगळे गर्दीवाल्याकडे असं बघायचे, की जणू यानंच कुदळ घातली. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि त्याची काही तक्रार नव्हती. निदान मेव्हणा याच ऑफिसात येईपर्यंत तरी.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, घरातला बाळ्या. गर्दीवाल्यानंच त्याच्यासाठी शब्द टाकला होता. तो आला, कामाला लागला आणि बघता बघता भावजींना मागे टाकून पुढे निघून गेला. बरं, पोरगा उर्मट असता तर राग धरायला सोपं गेलं असतं. पण तो भेटेल तिथे "भावजी, भावजी" करायचा, आणि तेच जास्त झोंबायचं. परीक्षेच्या निकालाची साइट हे ऑफिसातलं सगळ्यांत मोठं काम. तेही त्याच्याकडेच गेलं.

आदल्या दिवशी जेवताना बायको म्हणाली होती, "बाळ्यावर किती भार आहे हो! जरा सांभाळून घ्या त्याला."

"आणि माझ्यावर नाही का भार?"

"तुम्हाला काय, बटण दाबायचं," ती हसत म्हणाली आणि भाजी वाढायला वळली.

तिच्या मनात काही नव्हतं. याला मात्र ते लागलं. हिला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, आणि नवरा दिवसभर काय करतो तर बटण दाबतो!

सकाळी त्यानं खोट्या गर्दीचा दम काढून घेतला.

दम हा त्याचाच शब्द. खरा माणूस साइट उघडतो, वाचतो, चष्मा शोधतो, नंबर चुकतो, पुन्हा टाकतो. म्हणून खोट्या गर्दीतल्या प्रत्येकालाही दोन क्लिकच्या मध्ये थोडा दम खायला लावायचा, हा या कामातला पहिला धडा. नवशिक्याच्या हातून दम राहून गेला तर साइटवर अशी झुंड तुटून पडते, की तिच्यापुढे चांगली चांगली साइट लोळण घेते. गर्दीवाला नवशिक्या नव्हता. त्यानं ते जाणूनबुजून केलं.

साइट पडली तेव्हा मेव्हणा आपल्या पडद्याकडे बराच वेळ बघत बसला. मग मान वर करून एवढंच म्हणाला, "बरं, भावजी. बघतो."

निकाल तोंडावर आला होता. मॅनेजरबाईंनी सगळ्यांदेखत मेव्हण्याला फैलावर घेतलं, आणि गर्दीवाल्याला मनातून बरं वाटलं. पुढचे काही दिवस मेव्हणा टेबलावरच जेवला. साइटला दर वेळी नव्यानं हिशेब लावत बसावं लागू नये म्हणून त्यानं प्रत्येकाच्या निकालाचं पान आधीच तयार करून ठेवायचं ठरवलं. कुणी मागितलं की नुसतं उचलून द्यायचं. रोज तो म्हणायचा, "भावजी, परत तीच गर्दी सोडा." आणि भावजींना तीच सोडणं भाग होतं. मध्येच दम परत घातला असता तर आधी का काढला होता, असं कुणीतरी विचारलं असतं.

"बाळ्याचं तोंड बघा, एवढंसं झालंय," घरी बायको म्हणायची. गर्दीवाला ताटावरून लवकर उठायचा. आता त्याला आनंदही होईना.

शेवटी एका दुपारी साइट त्या झुंडीसमोर उभी राहिली.

निकालाच्या सकाळी सगळं ऑफिस एका पडद्याभोवती जमलं. साइट खुली झाली आणि आकडा चढायला लागला. कुणी धरलं नव्हतं इतका चढला. एकेका मुलामागे आई, बाबा, मामा, मावशी, शेजारीपाजारी, सगळे आपापल्या फोनवरून तोच नंबर घालत होते, आणि पान यायच्या आत पुन्हा दाबत होते. त्या दिवशी खऱ्या माणसांनीही दम खाल्ला नाही.

गर्दीवाला मागे उभा होता. पड, तो मनातल्या मनात म्हणाला. एकदा पड. बाहेर लाखभर पोरं जीव मुठीत धरून बसली होती, हे ठाऊक असूनही म्हणाला.

साइट पडली नाही.

टाळ्या झाल्या. मॅनेजरबाईंनी मेव्हण्याचा हात हातात घेतला, तर तो म्हणाला, "मॅडम, मी एरवीच्या गर्दीपुरती बांधली होती. आज झोपलीच असती. भावजींनी दयामाया न दाखवता झोडपली, म्हणून टिकली." सगळे वळले आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. गर्दीवाल्याला हात कुठे ठेवावेत ते समजेना.

संध्याकाळी मेव्हणा घरी आला आणि त्यानं बहिणीला हेच सगळं रंगवून सांगितलं. ती नवऱ्याकडे बघतच राहिली. मग लगबगीनं आत गेली.

दोघं गॅलरीत आले. मेव्हणा कठड्याला टेकून हळूच म्हणाला, "पॉज, तुमचा तो दम, काढलेला मला त्याच दिवशी कळला होता, भावजी. माणसं तशी येत नाहीत."

गर्दीवाल्यानं आतून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही का काढलात तेही कळलं म्हणून." तो खाली रस्त्याकडे बघत होता. "आणि मॅडमसमोर बोललो असतो तर ते ताईच्या कानावर गेलं असतं."

"आज टाळ्यांच्या वेळी तरी बोलायचंस."

"खोटं काय सांगितलं मी? टिकली ती त्यानंच ना?"

आजवर गर्दीवाल्यानं मेव्हण्याच्या हुशारीचा हेवा केला होता, बढतीचा केला होता, बायकोच्या तोंडातल्या त्या "बाळ्या"चासुद्धा केला होता. आता पोराचं मनही आपल्यापेक्षा मोठं निघालं, आणि त्याचाही हेवाच वाटला. लाज वाटायला हवी होती. तीही वाटली, पण नंतर.

"चला, ताई वाट बघत असेल," मेव्हणा म्हणाला आणि आत गेला.

गर्दीवाला त्याच्या मागून निघाला, तो स्वयंपाकघराच्या दाराशी अडला. बायको पाठमोरी होती. फोन खांद्यानं कानाशी धरून ती आईशी बोलत होती. "अगं आई, बाळ्या नाही, हे! ह्यांच्यामुळे वाचली साइट. बाळ्या स्वतः सांगतोय. नाही गं, सोपं नसतं ते काम, सगळ्या बाजूंनी विचार करावा लागतो. ह्यांनी कधी बोलूनच दाखवलं नाही बघ, स्वभावच तसा आहे ह्यांचा..."

तिनं वळून पाहिलं असतं तर तो आत गेला असता. ती वळली नाही. एका हातानं चौकट धरून, श्वास रोखून, तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.