फाटक्या कोपऱ्याचे बद्रीनाथ

मी एक जुने पोस्टकार्ड आहे, बद्रीनाथच्या देवळाचे चित्र असलेले. मित्रांनो, आज मी रागावलेले आहे, म्हणून मध्ये बोलू नका.

बोर्ली पंचतनजवळच्या भागोजीने मला बद्रीनाथच्या एका टपरीवर घेतले. भातशेती करणारा माणूस, आयुष्यात एकदाच यात्रेला निघालेला. त्याने माझ्या पाठीवर मोडक्या अक्षरांत बायकोला लिहिले, 'ठमे, खुशाल हाय. देव बघितला. तू संगती नव्हतीस, म्हून अर्धाच बघितला.'

वाटेत टपालाच्या पिशवीत माझा एक कोपरा फाटला. तुम्हाला माहीत नसेल, पण त्या काळी मरणाची बातमी कोपरा फाडलेल्या कार्डावर येई आणि ते कार्ड घरात नेत नसत. पोस्टमन मला ओटीवर टाकून गेला. ठमाबाईला वाचता येत नव्हते आणि गावातले गुरुजी सुट्टीवर होते. शेजारची सोनूबाई ओरडली, "बाय, आत नको नेऊ! कोपरा फाटलाय!"

मला वळचणीला खोचले आणि घर रडू लागले. मी खुशाली घेऊन आलेले, आणि जिवंत माणसाचे सुतक! पाचव्या दिवशी भागोजी स्वतःच दारात उभा. "कोन गेला रं?" म्हणाला. मग त्यानेच मला वाचून दाखवले आणि ठमाबाई लाजली.

पुढे भागोजी खरोखरच वारल्यावर ती रोज माझ्या फाटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवी. अक्षर तिला कळत नाही, कोपरा कळतो.

यंदा नातू शुभमने किहीमच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी काढलेल्या आपल्या कॉटेजसाठी हिमालयाची जुनी कार्डे जमवली. आजीच्या ट्रंकेतून मलाही न विचारता उचलले. "कोपरा खराब दिसतो," म्हणाला. उचलली कात्री, लावली कोपऱ्याला! चारही कोपरे गोल केले आणि पाठीला चिकटपट्टी लावून मला भिंतीवर डकवले. पाहुणे म्हणतात, "काय रंग आहे!" रंग! पाठ कोणी बघत नाही.

काल ठमाबाई मला शोधत कॉटेजवर आली. तिला आता नीट दिसत नाही. भिंतीवर बद्रीनाथच पाच आहेत. तिने प्रत्येकाचे कोपरे चाचपले. माझ्यावर बोट थांबले.

"ह्यो न्हाय," ती म्हणाली. "माज्या कारडाचा कोपरा फाटका हाय."

आणि ती पुढे गेली. शुभम मान खाली घालून तिच्या मागे चालू लागला. मला इतका संताप आला की काय सांगू!

मित्रांनो, जुन्या कागदाला कात्री लावण्याआधी तो कोणाचा आहे ते विचारा. आणि किहीमला आलात तर माझा फोटो काढू नका. मला भिंतीवरून सोडवा, ठमाबाईकडे न्या आणि माझी पाठ तिला मोठ्याने वाचून दाखवा.