हवेचा आकडा

लिझेथनं कंट्रोलर टेबलावर असा आपटला, की शेजारी बसलेल्या ग्रोव्हरच्या कपातली गरम गरम अपी उडाली आणि त्याच्या कोऱ्या पांढऱ्या बुटांवर जांभळे ठिपकेच ठिपके!

"दमतच नाहीत!" ती किंचाळली. "आपल्या मैदानात, एल आल्तोत, समुद्राकाठची पोरं नव्वद मिनिटं उधळतायत आणि एकालाही धाप लागत नाही! आणि हा 'स्टेडियम किंग' म्हणे वर्षातला बेस्ट गेम!"

"अगं माझे बूट!"

"खड्ड्यात गेले तुझे बूट!"

ग्रोव्हर तिचा मावसभाऊ, त्यामुळे या दोघांना भांडायला मुहूर्त लागत नाही. पण त्या दिवशी गोष्ट बुटांपुरती नव्हती. नाताळच्या आधीचा रविवार होता, दुपारचे तीन, पत्र्यावर गारा ताड ताड वाजत होत्या, आणि दोन्या बासिलियाच्या, म्हणजे बासिलियाबाईंच्या, गेमच्या दुकानात तेवीस जणं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दाटीवाटीनं बसली होती. दुकानात मशीन आठ, सगळी म्हातारी. एकेका मशीनच्या पोटात मोठा गेम एकच मावतो. म्हणून दरवर्षी या रविवारी भांडून ठरवायचं, की वर्षातला खेळांचा सगळ्यात भारी गेम कोणता. स्पर्धेतले गेम त्या दिवसापुरते मशीन वाटून चढवायचे; जो जिंकेल तो पुढचं वर्षभर आठही मशीनवर. बाकीचे पुसायचे. कायमचे.

मत द्यायची पद्धत पण दोन्याचीच. प्रत्येकाला एक भाजलेली बी, अंगठ्याच्या नखाएवढी. टेबलावर तीन डबे, तीन गेमचे. ज्या डब्यात बिया जास्त, तो जिंकला. बी खाल्लीस तर मत गेलं, रडायचं नाही. आणि भांडायचं कुठपर्यंत? तर अपीचं पातेलं संपेपर्यंत. जांभळ्या मक्याची ती अपी, दालचिनी घातलेली, कोपऱ्यातल्या स्टोव्हवर रटरटत असते. तळ दिसला की दोन्या बासिलिया डोक्यावरची हॅट सावरते, पातेल्यावर पळी वाजवते, आणि मग गप्प.

पहिला डबा रॅलीच्या गेमचा. तो दोघा भावांशिवाय कुणाला आवडत नव्हता. दुसरा 'स्टेडियम किंग', ग्रोव्हरचा लाडका, परदेशातून आलेला, गवताचं पातं न् पातं दिसतं म्हणे त्यात. आणि तिसरा 'चार हजार'. तो लिझेथचा. म्हणजे तिनं बनवलेला!

एक जुनापुराणा फुकटातला फुटबॉलचा गेम घेऊन तिनं तो आतून उसवला, आणि चौदा महिने बसून त्यात आपली वस्तीची लीग घातली. बाराच्या बारा टीम, तिची मुलींची टीम, खडीचं मैदान, बाहेरगावच्या मॅचसाठी देशभरातली अजून अकरा मैदानं, मध्येच घुसणारी कुत्री, सगळं. आणि मुख्य म्हणजे हवा. आपल्याकडची, चार हजार मीटर उंचीवरची विरळ हवा; गेमचं नावही त्यावरूनच. खालून आलेले खेळाडू साठाव्या मिनिटाला धापा टाकतात. बॉल सुसाट जातो, वळत नाही, कारण इथं तो असाच जातो. त्यासाठी चार महिने ती पोरींना घेऊन मैदानात उभी, एक किक मारणार, एक फोनवर शूट करणार, आणि लिझेथ थंडीनं फुटलेल्या ओठांनी सेकंद मोजणार. त्यातून एक आकडा निघाला. हवेचा आकडा. शून्य पॉइंट बासष्ट. आज 'चार हजार' हरला, तर दुकानातून पुसला जाणार. मग तो खेळणार कोण? ती, आणि घरातली मांजर.

"तुझ्या गेममध्ये गोलकीपरचं तोंड बटाट्यासारखं दिसतं," ग्रोव्हर बूट पुसत म्हणाला.

"ते तुझंच तोंड आहे. फोटो तूच दिलेलास."

सगळं दुकान खदखदलं. ग्रोव्हरचे कान लाल झाले. लिझेथला चेव आला, ती स्टुलावरच चढली.

"ऐका! हा किंग ज्यांनी बनवला ना, ते कुठंतरी समुद्राकाठी खुर्चीत बसलेले. इथं एकदा तरी आले का? एक जिना चढून बघितला का इथला? नाही! घरबसल्या स्वतःची हवा आपल्या मैदानावर चिकटवली आणि वर नाव दिलं एल आल्तो! ही मस्करी आहे आपली! आणि तुम्ही गवत बघताय? गवत? आपल्याकडं गवत आहे कुठं?"

टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी बाकावर ताल धरला. लिझेथनं मनातल्या मनात डोकी मोजली. बारा... तेरा... जमतंय! आणि तेवढ्यात तिला आठव्या मशीनपाशी एर्लान दिसला. हाताची घडी. टाळी नाही, काही नाही.

एर्लान खालचा, सपाटीवरच्या गरम मुलखातला. सांता क्रूसचा. आई नर्स, तिची बदली झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी वर आला. फ्री किक मारायला गेला की बॉल गोलाच्या वरून थेट आभाळात, मैदानात पण आणि लिझेथच्या लॅपटॉपवरच्या गेममध्ये पण. म्हणून त्याचं नाव पडलेलं कबुतरमार.

"ए कबुतरमार," लिझेथ स्टुलावरूनच म्हणाली, "हात दुखतात का टाळ्या वाजवायला?"

"खोट्याला कशाला वाजवू?"

"काय?"

"तुझा गेम खोटा आहे."

बाकावरचा ताल तुटला. फक्त गारा.

लिझेथ खाली उतरली ती उडी मारूनच. "खोटा? चौदा महिने मी काय झक मारली? बस. बस इथं! खेळून दाखव कुठं खोटा आहे ते!"

"बसतो. पण मॅच सांता क्रूसला लाव. माझ्या घरी."

लावली. तिनं ते स्टेडियम पण केलं होतं, नारळाची झाडंबिडं टाकून. एर्लाननं मुद्दाम फ्री किक मिळवली, तीस पावलांवरून. सगळे मागं दाटले. त्यानं बटण दाबलं, बॉल सुटला सरळच्या सरळ, सुसाट, गोलाच्या वरून झाडांत.

"मेलं कबुतर!" ग्रोव्हर ओरडला. आता हा कुणाच्या बाजूनं होता देव जाणे, हसायला मिळालं की याला बाजू लागत नाही.

एर्लान हसला नाही. कंट्रोलर हळूच खाली ठेवला, आणि तो उठून उभा राहिला.

"खाली बॉल असा जात नाही. खाली हवा जाड असते, माहितीये? पुढं उभ्या खेळाडूंच्या भिंतीतल्या दुसऱ्या माणसाच्या कानावर नेम धरायचा, बॉल बाहेर जातो असं वाटतं, आणि मग तो वळतो, अडतो, खाली येतो. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून मारतोय मी! इथं आलो तर बॉल वळेना. ठीक आहे, म्हटलं, इथली हवा. पण तुझ्या गेममध्ये माझ्या घरी पण वळेना! सांता क्रूसला एल आल्तोची हवा! वर्षभर हसताय तुम्ही मला. कबुतरमार, कबुतरमार. माझ्या मैदानात मीच परका!"

"मग वर्षभर बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं?"

लिझेथच्या डोळ्यांपुढं गेमची फाइल आली. बारा मैदानं, आणि सगळ्यांपुढं तोच आकडा, बासष्ट, बासष्ट, बासष्ट. दम कुणाला कधी लागेल ते तिनं एकेका खेळाडूचं वेगळं लिहिलेलं. बॉलची हवा मात्र एकच. खालच्या मैदानांत बॉललाही खालची हवा लागते हे डोक्यातच आलं नव्हतं. कसं येणार? आयुष्यात ती सगळ्यात खाली गेली होती ती केबलकारनं शेजारच्या दरीतल्या ला पाझला, मावशीकडं.

"म्हणजे," ग्रोव्हर सावकाश म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा खुलला की ठोसाच मारावा, "घरबसल्या स्वतःची हवा दुसऱ्याच्या मैदानावर चिकटवली. असंच ना, लिझी? कोण म्हणत होतं मघाशी हे?"

हशा असा फुटला की गारा ऐकू येईनात. ज्या टाळ्या तिच्या होत्या त्याच आता ग्रोव्हरच्या. लिझेथच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी होत्या. ग्रोव्हरचा राग, एर्लानचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"मी कधी खाली गेलेच नाही!" ती ओरडली. "मला काय माहीत तुमची हवा कशी असते! दोन्या! पातेल्यात किती उरलंय?"

दोन्या बासिलियानं झाकण उचललं. "दहा कप. अकरा असतील."

"म्हणजे अजून वेळ आहे." तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि एर्लानची बाही धरून त्याला शेजारी खेचला. "बस. सांग. किती वळतो?"

"मी का सांगू?"

"कारण तुला खोटं आवडत नाही! सांग!"

आणि मग जे सुरू झालं ना! ग्रोव्हर उठला, कप पुढं केला. "दोन्या, एक अपी." गटागट प्यायला, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी. "दोन्या, अजून एक." त्याच्या लक्षात आलं होतं, पातेलं संपवलं की खेळ खलास! त्याच्या टोळीतले सगळेच रांगेत. इकडं लिझेथच्या मैत्रिणी आपापले कप छातीशी धरून बसल्या, एक घोट घेईनात, आणि मारुहा नावाची त्यांची गोलकीपर स्टोव्हपुढं आडवीच उभी.

"सरक, मारुहा! अपी पिणं हा माझा हक्क आहे!"

"सावकाश पी, ग्रोव्हर. पोट फुटेल. दोन्याला फरशी पुसावी लागेल."

लिझेथनं आकडा वाढवला. शून्य पॉइंट पंचाहत्तर. लॅपटॉपवर एर्लाननं किक मारली. वरून गेली.

"अजून जाड," तो म्हणाला. "बॉल जरा... कसं सांगू... लोंबकळायला पाहिजे."

"लोंबकळायला म्हणजे किती? आकड्यात बोल!"

"आकड्यात नाही कळत मला! पायात कळतं!"

"मग पायानं दाब बटण!"

नव्वद. आता बॉल वळला, पण खांबाला लागून बाहेर. मागं ग्रोव्हरचा चौथा कप, दोन्याची पळी तळाला खरवडायला लागलेली. एर्लान पार विसरला की तो चिडलाय. पुढं वाकला, खिशात हात घालून काहीतरी चघळायला लागला, डोळे स्क्रीनवर. "अजून. थोडंसंच. खाली घामानं शर्ट चिकटतो ना अंगाला, तसं जड पाहिजे."

तिनं एक केला. सरळ एक. एर्लाननं दुसऱ्या माणसाच्या कानावर नेम धरला. बॉल सुटला, बाहेर चालला, चालला... आणि अडला हवेत, वळला, आणि बटाट्यासारख्या तोंडाच्या ग्रोव्हरच्या डोक्यावरून गोलात!

"तोच!" एर्लान ओरडला. "तोच आहे! असाच!" आणि तो रडकुंडीला आला होता का काय, पण तोंड फिरवलं त्यानं.

ठण्ण. दोन्यानं पळी वाजवली. "तळ दिसला. बिया टाका."

रांग लागली. ग्रोव्हर पोट धरून चालत गेला आणि किंगच्या डब्यात टाकली. दोघा भावांनी रॅलीत टाकल्या. लिझेथनं आपली 'चार हजार'च्या डब्यात टाकली. मग दोन्यानं डबे उपडे केले, मोठ्यानं मोजलं. रॅली दोन. किंग दहा. 'चार हजार'... दहा.

"बावीस झाल्या," दोन्या म्हणाली. "तेवीस वाटल्या होत्या. कुणाची राहिली?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. एर्लाननं खिसे चाचपले. एक खिसा, दुसरा, परत पहिला. मग त्याचा जबडा चघळता चघळता थांबला.

"नाही," लिझेथ म्हणाली. "नाही नाही नाही. एर्लान. तोंड उघड."

त्यानं उघडलं. जिभेवर सालाचा एक तुकडा.

"बी खाल्लीस?" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेर गारांत उभं असलेलं कुत्रं पळालं. "एक मत! एकच पाहिजे होतं! चौदा महिने माझे, आणि तू चावून खाल्लेस?"

"माझं लक्ष बॉलकडं होतं!"

"टाकणार कुणाच्या डब्यात होतास? ते तरी सांग!"

"दुपारी आलो तेव्हा किंगच्या," तो म्हणाला. "आता तुझ्या."

तिला त्याला मारायचं पण होतं आणि काय करायचं होतं ते तिलाच कळेना.

"खाल्लेली बी खाल्लेली," दोन्या बासिलिया म्हणाली. "आणि बरोबरी अकरा वर्षांत झाली नाही. चार मशीन किंग, चार मशीन 'चार हजार'. ज्याला पटत नाही त्यानं पातेलं घासायचं."

ग्रोव्हर ओरडला अन्याय आहे म्हणून, लिझेथ त्याच्याहून मोठ्यानं ओरडली अन्याय आहे म्हणून, दोघं मावसभावंडं पहिल्यांदाच एका बाजूनं. दोन्यानं घासणी पुढं धरली. दोघांनीही हात मागं घेतले.

लिझेथनं लॅपटॉप बंद केला नाही. फाइल उघडीच होती. एका मैदानापुढं एक, बाकी अकरांपुढं अजून बासष्ट, आणि त्यातली निदान पाच तरी, त्रिनिदाद आणि कोबिहा धरून, खाली होती. किती खाली, तिला ठाऊक नव्हतं.

"पुढच्या रविवारी दहा वाजता," ती एर्लानकडं न बघता म्हणाली. "त्रिनिदादची हवा कशी, कोबिहाची कशी, सगळं आठवून ये. आणि घरून पोटभर खाऊन ये, समजलं?"

"कोबिहाला मी कधी गेलो नाही."

"मग गेलेला माणूस शोधून आण! मी आता न विचारता एक आकडा टाकणार नाही!"

"बरं," एर्लान म्हणाला. "पण ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये!" लिझेथ ओरडली.