गाडग्यातल्या गोचिडी

गोचीड विस्तवावर टाकायची, ही आमच्या गावची रीत. सकाळी गोठ्यात बसायचं, बैलाच्या मांडीत, कानामागं, शेपटीखाली बोटं घालायची, फुगलेली गोचीड उपटायची आणि शेजारी धुमसणाऱ्या गोवरीवर टाकायची. ती फटकन फुटते. जिवंत गोचीड घरात ठेवणारं आमच्याकडं कुणी नव्हतं. माझे वडील रखमाजी, आमचे आबा, हे पहिले.

ठेवत होते ते माझ्यासाठी. मी परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीला होते आणि गोचिडीवर लस शोधणाऱ्या सरांच्या हाताखाली काम करत होते. शनिवारी घनसावंगीपर्यंत एसटीने आणि पुढं जीपने गावी यायचे आणि आबांनी गाडग्यात, ओल्या फडक्याखाली जमवलेल्या गोचिडी घेऊन जायचे.

"ह्यांच्या पोटात काय हुडकून राह्यली गं तू, कुसे?" आबांनी एकदा विचारलं.

"आतड्यातलं एक प्रथिन. ते गाईला टोचायचं, मग गाईचं रक्त त्याच्यावर उठतं. ते रक्त गोचीड प्याली, की तिचं आतडं फाटतं."

आबांना हसू आवरेना. "म्हंजी घोटाघोटानं आपलंच मरण पेती रांड! अन् कोणतं प्रथिन, ते ठावं न्हाई?"

"शेकडो असतात, आबा. त्यातलं हुडकायचंय."

"हुडक मंग. गोचड्यायला काय कमी न्हाई आपल्याकडं."

शहाण्णवच्या भादव्यात तातेरावकाकांची गाय मेली. काका आबांचे धाकटे भाऊ. त्यांच्या आणि आमच्या गोठ्यात फक्त एक कूड. गाय संकरित होती, गाभण होती. तापानं फणफणली, रक्तासारखं लाल मुतली आणि पोटातल्या वासरासकट गेली. डॉक्टर म्हणाले, गोचिडीमुळं येणारा ताप. काकांनी तेवढंच ऐकलं. आणि शनिवारी, मी गावी आलेली असताना, त्यांनी कुडावरून पाहिलं, की आबा फडकं उचलून गाडग्यात डोकावतायत.

ते आले तेव्हा त्यांच्या हातात जुवाची लाकडी शिवळ होती, बैलाच्या मानेशी अडकवायचं जाड दांडकं.

"दादा, गाडग्यात काय हाये?"

"गोचड्या हायेत. आपल्या कुसीला—"

"पाळून राह्यला? गोचड्या पाळून राह्यला तू? अन् माह्या गोठ्यात सोडल्या!"

"तात्या, ऐक तर. लस करायला—"

"माही गाय गेली! आतलं वासरू या हातानं वढून काढलं म्या!"

काकांनी गाडगं उचलून गव्हाणीवर आपटलं. गोचिडी शेणात पसरल्या. काका त्यांच्यावर अनवाणी नाचले. त्यांच्या टाचा लाल झाल्या. आबांनी भांडण तिथंच सोडलं, खाली वाकले आणि उरलेल्या गोचिडी ओंजळीत गोळा करायला लागले.

"जल्दी बाटली आण, कुसे," ते म्हणाले.

ते गोळा करणं काकांना सहन झालं नाही. शिवळ आबांच्या डोक्यात बसली. मी काकांच्या दंडाला चावले. त्यांनी झटकलं तशी मी खुंट्यावर जाऊन पडले. शिवळ पुन्हा बसली, आणि पुन्हा. मारताना काका "दादा, दादा" म्हणत होते. आबांचं रक्त आणि गोचिडींतलं रक्त एकाच शेणात मिसळलं. बैल दावी तोडू पाहत होते. आबांची मूठ मिटलेलीच राहिली.

काका शिवळ घेऊन स्वतःच पोलिसात गेले.

आबांचे दिवस झाल्यावर गावानं एकूण एक जनावर औषधानं धुऊन काढलं, आमचे बैलही. काकांच्या गोठ्यात मात्र कुणी पाय ठेवला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला परभणीला एक गोष्ट घडली. ज्या वासराला आम्ही गोचिडींच्या आतड्यांचा अर्क टोचला होता, त्याच्या रक्तानं शेकडो प्रथिनांतलं एक ठळकपणे ओळखलं. तपासणीच्या कागदावर त्या प्रथिनाच्या जागी काळी रेघ उमटली. अर्क संपत आला होता. सर म्हणाले, "तुझ्या गावच्याच ताज्या गोचिडी मिळाल्या तर ही रेघ खरी की खोटी ते कळेल. नाहीतर काम इथंच थांबलं."

गावात औषध न लागलेली जनावरं फक्त काकांच्या गोठ्यात होती. मी तिथं गेले. तुळजाकाकू एकटीच शेण भरत होती. मला पाहून तिनं पाटी खाली ठेवली आणि भिंतीला टेकली.

"मारायला आली का गं?"

"गोचड्या पाह्यजेत, काकू."

"ज्यायच्यापायी दोन्ही घरं बसली, त्याच?"

"त्याच."

"दादायनी आधीच सांगितलं असतं तर…"

"सांगतच होते."

काकूनं बैलाचं दावं आखूड बांधलं. "ये इकडून. ह्यो लई मारका हाये."

बैल गोचिडींनी भरला होता. मी मांडीत बोटं घातली, काकू पलीकडून कानामागं बघू लागली. आमच्या मधे गोवरी धुमसत होती.

"निघंल का लस?"

"माहीत नाही. एक प्रथिन दिसलंय. तेच असेल असं नाही."

काकूनं बोराएवढी एक गोचीड उपटली. सवयीनं तिचा हात विस्तवावर गेला आणि तिथंच थांबला. चिमटीतली गोचीड पाय हलवत होती. काकूच्या बोटांना धग लागत असणार, पण तिनं हात लगेच मागं घेतला नाही.

मग म्हणाली, "बाटली कुठंय तुही?"